फोटोतली पाठ

हुबळीत शिंपी पायलीला पन्नास होते, पण माणूस पाठमोरा चालत गेला तरी त्याचं नाव सांगणारा शिंपी एकच झाला, दाजीबानपेठेतला नागोजी. खोटं वाटत असेल त्यानं त्या पेठेतल्या जुन्या माणसांना विचारावं. दुकानाच्या उंबऱ्यात उभा राहून तो पैजा मारायचा. हा वकिलांचा कारकून, लिहून लिहून उजवा खांदा पडलाय. हा सराफ, गादीवर बसून पाठ रुंदावलीय. तोंडावरून माणूस फसवतो, पाठीवरून नाही, असं त्याचं म्हणणं, आणि त्यातलं त्याच्याइतकं हुबळी-धारवाडात कुणाला कळत नव्हतं.

शाळा त्याची चौथीपर्यंत. एन्फ्लुएंझाच्या साथीत आईबाप आठ दिवसांच्या अंतरानं गेले, तेव्हा नागोजी अठरा वर्षांचा आणि धाकटा गोपाळ सहाचा. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी नागोजीनं बापाची कात्री हातात घेतली ती पुन्हा खाली ठेवली नाही. पुढं सीता लग्न होऊन घरात आली. तिच्या पदराला धरून गोपाळ मोठा झाला, आणि नागोजीनं त्याला पार मॅट्रिक केलं. अख्ख्या आळीत कुणाचा धाकटा भाऊ मॅट्रिक होता ते सांगावं. शिवाय नागोजीचा स्वतःचा एक नेम होता. चैत्रात डांबर वितळायची वेळ आली तरी तो बंद गळ्याच्या कोटाशिवाय रस्त्यावर पाऊल टाकत नसे. उजव्या खांद्याला त्या कोटाची एक सुरकुती पडायची. त्याचा दोष तो गिरणीच्या कापडाला द्यायचा.

मॅट्रिक होऊन गोपाळनं कचेरीत चिकटायचं, तर तो धारवाडच्या एका फोटोवाल्याकडं तीन वर्षं राहिला आणि कॅमेरा घेऊन परत आला. दुकानावरचा माळा नागोजीनं त्याला दिला. एका कोपऱ्यात पडदा लावून अंधारी खोली झाली, दुसऱ्या कोपऱ्यात रंगवलेला राजवाडा, त्यापुढं खुर्ची आणि पितळी कुंडी. खेड्यावरची माणसं फोटोला यायची, त्यांच्याजवळ कोट कुठला? नागोजीनं डोकं लढवून एक कोट शिवला. पुढून झकास, मागं पाठच नाही, नुसत्या नाड्या. हडकुळा येऊ दे नाहीतर पैलवान येऊ दे, मागं बांधला की पुढून सगळे सावकार. त्या कोटात निम्मा धारवाड जिल्हा फोटोत बसला. गोपाळला मात्र त्या कोटाचा हळूहळू कंटाळा आला. एकदा तो म्हणाला, अण्णा, मी गेली दोन वर्षं एकाच माणसाचा फोटो काढतोय, डोकी तेवढी बदलतात. नागोजीला ते लागलं, पण त्यानं मनावर घेतलं नाही.

मनावर घ्यायची वेळ आली ती छत्तीस सालच्या शिमग्यानंतर. भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना, गोपाळ माळ्याला आतून कडी घालू लागला. हाक मारली की थांबून ओ द्यायचा. धारवाडचे ड्रॉइंग मास्तर पद्मनाभ यांच्याकडून कसलीशी परदेशी मासिकं आणायचा आणि उशीखाली घालायचा. माणूस वाचायची वस्तू उशीखाली का ठेवतो? नागोजीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

एक दिवस गोपाळ स्टेशनवर फोटोच्या काचांचं पार्सल सोडवायला गेला आणि नागोजी शिडी चढून वर गेला. अंधाऱ्या खोलीत दोरीवर एकच फोटो वाळत होता. चांगला हात-पाऊण हात लांब. राजवाडा नाही, खुर्ची नाही, कुंडी नाही. एक उघडी पाठ, बस्स. डोकं पुढं वाकून अंधारात गेलेलं, कमरेखाली अंधार. वरून कुठून तरी उजेड पडला होता आणि मानेचा मणका, पाठीची पन्हळ, बरगड्यांच्या रेघा, सगळं एखाद्या ओल्या पाटीसारखं चमकत होतं. खांद्याच्या पात्याखाली एक बारीक ठिपका होता. तो काचेतला फुगा असणार, असं नागोजीनं ठरवून टाकलं.

त्याची कानशिलं गरम झाली. पुरुषाची पाठ कोण कशाला काढेल? आणि काढलीच तर तोंड कशाला लपवेल? तोंड लपवलंय म्हणजे बाई, आणि बाई आहे म्हणजे पेठेतली, कारण परगावची असती तर लपवायचं कारण काय? त्यानं फोटो सदऱ्याखाली घातला आणि खाली येऊन दुकानाचं दार ओढून घेतलं.

मग त्यानं, दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं ते केलं. गळ्यातली टेप काढून फोटोचं माप घेतलं. खांदा आठ इंच. मानेपासून कमरेपर्यंत साडेसात. उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली. फोटो लहान आहे तर लहान, मापांचं एकमेकांशी नातं कुठं जातंय? अशी जोडी त्यानं मापांच्या वहीत शोधायला घेतली. पंधरा वर्षांची वही. उजवा खांदा पडलेले दोघेच निघाले. एक तो कारकून, त्याची पाठ लांबलचक. दुसरा लाकडाच्या वखारीतला हमाल, तो दोन वर्षांमागं वारला होता. वहीत सगळे पुरुष. बायकांचं माप शिंप्याला मिळतंय कुठं, बायका जुनं पोलकं पाठवून देतात. म्हणजे वहीत नाही ती बाईच, असा त्यानं निवाडा केला आणि वही मिटली.

दार उघडलं तर समोर पायरीवर गोदावरी बसली होती, काज करत.

गोदावरी अळणावरकडची. नवरा रानात झाड पडून गेला, तेव्हा ती हुबळीत आली आणि सात वर्षं नागोजीच्या दुकानात काज-बटणं करत होती. तिच्यासारखं काज यंत्राला जमलं नसतं. लहानपणी मोळ्या वाहून तिचा एक खांदा खाली आला होता. कुठला? ती पाठ फिरवून दोरा घ्यायला वळली. उजवा. गोपाळच्या कॅमेऱ्यावर घालायचं काळं कापड तिनंच शिवलं होतं. ते द्यायला ती वर गेली होती. दोघं कानडीत बोलून हसायची, आणि नागोजीला कानडी मराठीइतकीच येत असूनही काय हसतात ते कधी कळलं नव्हतं. एकदा संशय बसला की मग पाण्याचा तांब्यासुद्धा वाकडा दिसतो.

तिला विचारायची त्याची छाती झाली नाही. त्यानं उद्यापासून दुकानात बसू नको म्हणून सांगितलं. का, तर काम कमी आहे. समोर पाडव्याच्या सदऱ्यांचा ढीग तिच्या छातीपर्यंत लागला होता. गोदावरीनं ढिगाकडं बघितलं, नागोजीकडं बघितलं, सुई पदराला टोचली आणि उठून गेली.

इकडं गोपाळ दोन दिवस माळ्यावर काहीतरी शोधत होता, पण विचारत नव्हता. चोर नसता तर विचारलं असतं, नागोजी मनात म्हणाला. तिसऱ्या दिवशी कोट चढवून तो सकाळच्या गाडीनं धारवाडला गेला आणि केलगेरीच्या वाटेवर पद्मनाभ मास्तरांचं घर गाठलं. माझ्या भावाला तुम्ही काय शिकवता, एवढंच विचारलं.

मास्तर साधा माणूस. त्यांनी मासिकं काढून पुढ्यात मांडली. साहेबाच्या देशात फोटो निघायला लागले तेव्हा ती माणसंसुद्धा आधी पडदे आणि खांब लावून उभी राहायची, असं त्यांनी सांगितलं. मग काहींना वाटलं, चित्रकार जसा माणसाचा देह काढतो तसा कॅमेऱ्यानं का काढू नये. आधी आधी धुकट, चित्रासारखं काढायचे, आता लख्ख काढतात. हात, पाय, मान, पाठ. नागोजी पानं उलटत होता. अर्ध्या पानांवर अंगावर चिंधी नाही. त्याला बघवत नव्हतं आणि शिंप्याचा डोळा मिटतही नव्हता. एका बाईच्या फोटोवर त्याचं बोट थांबलं. हिचा भार डाव्या पायावर आहे, म्हणून उजवं ढुंगण खाली आलंय, तो म्हणाला, हिला परकर शिवायचा तर एका बाजूला दोन बोटं जास्त सोडायला पाहिजे. मास्तरांनी चष्मा काढला. गोपाळही अगदी असंच बघतो, ते म्हणाले, आम्हाला हे शिकायला वर्षं लागतात, आधी देह शिकायचा, कापड नंतर.

कापड नंतर, हे वाक्य नागोजीला परतीच्या गाडीत हुबळीपर्यंत टोचत राहिलं. असल्या माणसाच्या संगतीत भाऊ बिघडला नाही तरच नवल.

त्या संध्याकाळी त्यानं गोपाळला समोर बसवलं.

"दोरीवरचा फोटो मी घेतलाय. कुणाची पाठ ती?"

गोपाळनं मान वर केली. "तू ओळखली नाहीस?"

"मी विचारतोय."

"सगळी पेठ तू मागनं ओळखतोस की अण्णा. तूच सांग." आणि आवाज खाली आणून त्यानं फोटो परत मागितला. मुंबईच्या प्रदर्शनाला पाठवायचा होता, शनिवारी पार्सल गेलं नाही तर मुदत टळत होती.

मुंबईला, चार लोकांनी बघायला. नागोजीचं उरलंसुरलं सुटलं. "त्या बाईचं नाव सांग. नाहीतर पाडव्याच्या आत माळा रिकामा कर आणि वाट धर."

बाई म्हटल्याबरोबर गोपाळचा चेहरा पडला. आतापर्यंत तो नुसता भ्यालेला होता. आता त्याचे ओठ नागोजीसारखेच घट्ट मिटले, आणि एकदा ते तसे मिटले की त्या घरात कुणाच्या बापाला उघडता आले नसते.

"माझ्याबद्दल तुला हे वाटलं. मग तूच शोध," एवढं बोलून तो वर गेला, आणि ट्रंक ओढल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

चार दिवस दोघं भाऊ एका ताटाला बसून दोन भिंतींकडं बघत जेवले. सीतानं दोघांना विचारून बघितलं, दोघांनी काही सांगितलं नाही. गोपाळनं राजवाड्याचा पडदा गुंडाळला. केलगेरीला मास्तरांकडं राहायचं ठरलं, असं तो वहिनीला म्हणाला. ती बाहेर जाऊन डोळे पुसून आली.

गुरुवारी दुपारी सीता पाडव्याचं कापड काढायला पेटीकडं गेली आणि फोटो हातात घेऊन दुकानात आली.

"हे कापडात कशाला घातलंय? डाग पडला तर?"

नागोजी उडी मारून उठला. बघितलंस का, म्हणून विचारलं.

"बघितलं की. छान आलंय. पण अंगात सदरा घालून बसायला काय झालं होतं?"

"कुणी?"

"कुणी म्हणजे? तुम्ही."

नागोजीला वाटलं, ही दिराची बाजू घेतेय. लहानपणापासून घेत आलीय. तसं तो बोललाही. सीतानं बोट फोटोवरच्या ठिपक्यावर ठेवलं. हा करटाचा वण, ती म्हणाली, दोन वर्षांमागं कांदा भाजून पोटीस कुणी बांधलं होतं? दर दिवाळीला या पाठीला तेल कोण चोळतं? मी तुमच्यासारखी पैज मारत नाही, पण ही एक पाठ मला येते.

तरी त्याची खात्री होईना. त्यानं दुकानाचं दार लावलं, सदरा काढला, टेप बायकोच्या हातात दिली आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. अठरा वर्षं हुबळीची मापं घेणाऱ्या माणसाचं माप कधी कुणी घेतलं नव्हतं. स्वतःचा कोट तो आधीच्या कोटावरून कापायचा. टोक कुठं धरायचं, ताण किती द्यायचा, ते तो भिंतीला सांगत होता.

"खांदा सोळा," सीता म्हणाली. "मान ते कंबर पंधरा."

"उजवा किती खाली?"

"दीड."

सगळं नेमकं दुप्पट. नागोजी भिंतीकडंच तोंड करून उभा राहिला. मग त्यानं खुंटीवरचा कोट काढला आणि उजव्या खांद्यावरची सुरकुती अंगठ्यानं चोळत बसला. सीताला वाटलं हसतील नाहीतर ओरडतील. त्यानं एवढंच विचारलं, "गोदावरी कुठं राहते ग आता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सदऱ्यांचा गठ्ठा घेऊन तो तिच्या खोलीवर गेला. ती उंबऱ्यात बसून दुसऱ्याच शिंप्याचे सदरे करत होती. काम पुन्हा निघालंय, तो म्हणाला. गोदावरीनं सुई थांबवली नाही. सीताक्कानं तुमच्या तोंडून सगळं काढून घेतलं आणि काल संध्याकाळी मला सांगितलं, ती म्हणाली.

"माझी पाठ वाटली होय तुम्हाला? सात वर्षं तुमच्या पुढ्यात बसले, अण्णा. तोंडावर विचारायचं होतं. मी हसले असते नाहीतर सुई टोचली असती, पण उत्तर दिलं असतं."

नागोजीनं गठ्ठा पुढं सरकवला.

"साकु," ती कानडीत म्हणाली. पुरे झालं. गठ्ठा तिनं पायानं नाही, हातानंच परत सरकवला, तेवढा मान ठेवला. ती पुन्हा आली नाही. हुबळीतलं पहिल्या नंबरचं काज त्या दिवशी दुसऱ्याच्या दुकानात गेलं, आणि नागोजीच्या सदऱ्यांना तेवढं एक उणं कायमचं राहिलं.

शुक्रवारी दुपारी तो फोटो घेऊन माळ्यावर गेला. गोपाळ भिंगं कापसात गुंडाळत होता. ट्रंक जवळजवळ भरली होती.

कधी काढलास, नागोजीनं विचारलं. गोपाळनं सांगितलं, होळीनंतर, उकाड्यात तू सदरा काढून इथंच माळ्यावर काचेच्या कौलाखाली बसला होतास तेव्हा, मागनं, शिडीवरून. दुपारी कडी घालून तोच छापत होतो. कॅमेऱ्याला दोन सेकंद न हलणारा माणूस लागतो. गिऱ्हाईक डोळे मिटतं, मान हलवतं. तू सुईत दोरा ओवताना श्वाससुद्धा घेत नाहीस.

"मला विचारायचं नाही?"

"विचारलं असतं तर कोट घालून बसला असतास."

हे खरंच होतं. नागोजीनं ट्रंकेतून एक भिंग काढून फळीवर ठेवलं. गोपाळनं ते उचलून परत ट्रंकेत ठेवलं. असं दोनदा झालं.

"फोटोचं जाऊ दे," गोपाळ म्हणाला. "आज बाई म्हणालास. उद्या आणखी काही म्हणशील. दर वेळी मी वहिनीला साक्षीला बोलावू का? जातो मी."

माफी मागायची त्या घराण्याला सवय नव्हती, आणि नागोजीनं ती मागितलीही नाही. तो खाली गेला, मांजरपाटाचा तुकडा, दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन वर आला. दोन पुठ्ठ्यांत फोटो घातला. मग माळ्याच्या मधोमध, जिथं काचेच्या कौलाचा उजेड पडतो तिथं, मांडी घालून बसला, सदरा काढून बाजूला ठेवला आणि भावाकडं पाठ केली.

"पार्सल शिवतोय," तो म्हणाला. "अजून एखादा काढायचा असला तर काढ. मी काही बघत नाही."

मागं काहीच आवाज नव्हता. नागोजीनं दाभण उजेडात धरलं. दोरा हुकला. पुन्हा हुकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पाठीला कुणी बघतंय हे त्याला कळत होतं, आणि बोटं ऐकत नव्हती. तिसऱ्यांदा हुकला तेव्हा मागं ट्रंकेचं झाकण वाजलं. उघडलं की बंद झालं, ते त्याला कळेना. मान वळवायची नाही असं त्यानं ठरवलं होतं. मग कॅमेऱ्याच्या तिवईचे पाय फळ्यांवर टेकल्याचा आवाज आला, एक, दोन, तीन.

"हलतोयस," गोपाळ म्हणाला.

"तू बघतोयस म्हणून."

"तिकडं लक्ष नको देऊ. दोरा बघ."

नागोजीनं श्वास धरला. दोरा गेला.

शनिवारी दोघं मिळून स्टेशनवर गेले. नागोजी कोटात, काखेत पार्सल, दुहेरी टाक्यानं शिवलेलं, एका एका इंचावर लाखेची मोहोर. पार्सलबाबूनं आत काय म्हणून विचारलं, तर त्याला कशाला पाहिजे चौकशी, असं नागोजीच्या तोंडावर आलं होतं. गोपाळनं मधेच सांगून टाकलं, फोटो. बाबूनं चिठ्ठी फाडली. पार्सल डब्यात गेलं, दार बंद झालं. नागोजी गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन तिकडचं दारही बंद आहे का ते बघून आला.

वहिनी जेवायला थांबली असेल, घरी चल, गोपाळ म्हणाला. गाडी हलू दे, नागोजी म्हणाला. त्या बाबूची नजर त्याला बरोबर वाटली नव्हती. आणि मधल्या स्टेशनात कुणी टाका उसवला तर?

"मग काय मिरजेपर्यंत जाऊन येतोस?"

नागोजीनं खिशात हात घातला आणि गाडीकडं बघत खरोखरच विचार करू लागला.